मशीनसाठी बँकेचे कर्ज की मुराबहा : नाशिकच्या छोट्या उद्योजकाने काय पाहावे

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका तरुण कारखानदाराने माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले. एक बँकेचे मंजुरीपत्र होते : लेथ मशीनसाठी दहा लाख रुपये, घटत्या शिलकीवर वार्षिक १२ टक्के व्याज, ३६ हप्ते, दरमहा ३३,२१४ रुपये. दुसरा एका खासगी वित्तपुरवठादाराचा मुराबह्याचा करारनामा होता : हेच मशीन आम्ही दहा लाखांना विकत घेऊन तुम्हांला बारा लाखांना विकू, पैसे ३६ महिन्यांत द्यावेत, दरमहा ३३,३३३ रुपये. हप्त्यांतला फरक ११९ रुपयांचा होता. वडिलांचे म्हणणे बँकेतच जावे, आईचे म्हणणे व्याज घरात येऊ नये, आणि मुलाचा प्रश्न असा की हप्ता जवळजवळ तोच असेल तर दोहोंत फरक नेमका कशाचा.

मी गेली बावीस वर्षे सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांचे हिशेब आणि करविवरणपत्रे पाहतो. हा प्रश्न आता मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारे सगळेच मुस्लिम असतात असे नाही. मंदीच्या महिन्यातही हप्ता त्याच तारखेला भरावा लागतो हे अनुभवलेला कोणीही नफा-तोट्याच्या वाटणीचे नाव काढले की कान देऊन ऐकतो. अमुक व्यवहार धर्माला मान्य आहे की नाही हा निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. तो ज्याने त्याने आपल्या आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, विचारून घ्यावा. कागद, आकडे आणि कायदा यांच्या बाजूने मात्र पुष्कळ काही सांगता येते, आणि निर्णय घेणाऱ्याला नेमके तेच कोणी सांगत नाही.

मूळ तत्त्व आधी समजून घ्यावे लागेल. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील (अध्यायातील) २७५ वी आयत (वचन) व्यापार वैध ठरवते आणि रिबा निषिद्ध ठरवते. रिबा म्हणजे उधार दिलेल्या रकमेवर ठरवून घेतलेली वाढ. त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी वर्ज्य आहेत : घरर, म्हणजे करारातील मोठी अनिश्चितता, आणि मैसिर, म्हणजे जुगार. या सगळ्यांच्या मुळाशी फिक्हमधील, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातील, एक सूत्र आहे, ते असे की ज्याच्या अंगावर नुकसानीची जबाबदारी त्यालाच नफ्याचा हक्क. आपल्याकडच्या व्यवहारात हे विचार अनोळखी नाहीत. शेजाऱ्याला हातउसने दिलेले पैसे आपण मुद्दलाइतकेच परत घेतो. इस्लामी अर्थव्यवहारात त्याला कर्ज-ए-हसना म्हणतात. शेत अर्धेलीने लावले की पीक बुडाल्याचा फटका मालक आणि कसणारा दोघांनाही बसतो. दामदुप्पटीचा जुना नियम आणि महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा हे दोन्ही व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देत नाहीत. व्याजावर मर्यादा घालावी, ही भावना या मातीत जुनीच आहे. इस्लामी तत्त्व त्याच्या पुढे जाऊन व्याज मुळातूनच नाकारते.

या तत्त्वांना बँकेचे आधुनिक रूप फार उशिरा आले. इजिप्तमधील मित घम्र येथे १९६३ साली ग्रामीण बचत बँकेचा प्रयोग झाला, दुबई इस्लामिक बँक १९७५ साली उघडली, मलेशियातील पहिली इस्लामी बँक १९८३ साली सुरू झाली. आज जगभरातील अशा मालमत्तेचा आकडा तीन ट्रिलियन डॉलरच्या पुढे गेला आहे आणि ब्रिटनच्या सरकारनेसुद्धा २०१४ साली २० कोटी पौंडांचे सुकूक, म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नातून परतावा देणारे रोखे, विकले. यातला बराच मोठा भाग ज्या एका करारावर उभा आहे, तोच मुराबहा माझ्या टेबलावर आलेल्या दुसऱ्या कागदावर होता.

हप्ता सारखा, पण दर कसा वाचावा

त्या करारनाम्यासोबत आलेल्या पत्रकात ‘वर्षाला फक्त ६.६७ टक्के नफा’ असे ठळक छापलेले होते. दहा लाखांवर तीन वर्षांत दोन लाख, म्हणून वर्षाला ६.६७ टक्के, हा हिशेब चुकीचा नाही; पण तो पूर्ण दहा लाख तीन वर्षे तुमच्याकडे राहिले असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून तुम्ही रक्कम परत करत असता. घटत्या शिलकीच्या रीतीने तोच व्यवहार मांडला तर दर सव्वाबारा टक्के निघतो, म्हणजे बँकेपेक्षा थोडा जास्तच. मुराबह्यात टक्केवारी सांगणे मुळात गरजेचे नाही. गरज आहे ती मूळ खरेदीची किंमत आणि तीवरचा नफा उघडपणे सांगण्याची. मुराबहा हा विश्वासाचा सौदा मानला जातो, तो विक्रेत्याने आपली खरेदी खरी सांगितलेली असते म्हणून. त्यामुळे कोणी टक्केवारीत तुलना करून मुराबहा स्वस्त असल्याचे भासवत असेल, तर त्याच्याकडे हप्त्यांचे पूर्ण वेळापत्रक मागावे आणि दोन्हीकडची एकूण परतफेड समोरासमोर लिहावी. बँकेत ती सुमारे ११,९५,७०० रुपये होते, तिकडे १२,००,०००.

एक वर्ष झाल्यावर मात्र हे चित्र पालटते. समजा, बारा हप्ते भरल्यावर मोठी ऑर्डर मिळाली आणि उरलेली रक्कम एकदम फेडायची ठरवली. बँकेच्या वहीत तेव्हा मुद्दलाची शिल्लक सुमारे ७,०५,६०० रुपये असते; मुदतपूर्व फेडीचे शुल्क असल्यास ते वेगळे. मुराबह्यात किंमत एकदाच ठरलेली असल्याने कागदावर पूर्ण आठ लाख देणे असते. फरक जवळजवळ ९४,४०० रुपयांचा आहे. विक्रेता स्वखुशीने सूट देऊ शकतो, तिला इब्रा म्हणतात. परंतु लवकर फेडले तर अमुक सूट, अशी अट करारातच घालण्याला अनेक विद्वानांचा आक्षेप आहे, कारण मग किंमत पुन्हा काळाशी बांधली जाते. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने ग्राहकाच्या हितासाठी ही सूट करारात लिहिणे बंधनकारक केले. आपल्याकडे तसे सांगणारे कोणी नाही. लवकर फेडण्याची शक्यता असेल तर ही एकच बाब तुलनेचा निकाल लावू शकते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बँकेचा दर बदलता असेल तर रेपो दर वाढताच हप्ता किंवा मुदत वाढते. मुराबह्यात ठरलेली किंमत एका रुपयानेही वाढवता येत नाही. महिन्याची आवक जेमतेम असलेल्या कारखान्याला या निश्चितीची किंमत मोठी असते.

तारखांकडे नीट पाहा

आता मी त्या दुसऱ्या कागदावर कुठे बोट ठेवले, ते सांगतो. मुराबह्याच्या विक्री-कराराची तारीख महिन्याची ४ होती. पुरवठादाराचे टॅक्स इन्व्हॉइस सोबत जोडलेले होते, त्याची तारीख ६ होती. म्हणजे वित्तपुरवठादाराने जे मशीन अजून विकत घेतलेच नव्हते, ते दोन दिवस आधी विकून टाकले होते. शिवाय इन्व्हॉइस त्याच्या नावाने नव्हतेच. ते थेट माझ्या ग्राहकाच्या नावाने होते. डिलिव्हरी चलनावरही ग्राहकाचेच नाव, आणि वाहतुकीत काही झाल्यास जबाबदारी खरेदीदाराची, असे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले.

मुराबह्याचा जीव नेमका याच दोन-तीन दिवसांत असतो. वित्तपुरवठादाराने मशीन आधी स्वतःच्या मालकीत घ्यायचे, ते प्रत्यक्ष किंवा कागदोपत्री ताब्यात घ्यायचे, आणि मगच विकायचे. तेवढ्या काळात मशीन ट्रकमधून पडले, त्यात पाणी शिरले, चुकीचे मॉडेल आले, तर नुकसान त्याचे. आपल्याजवळ नाही ते विकू नका, हा हदीसमधील (पैगंबरांच्या वचनांतील) नियम इथे अक्षरशः लागू होतो. तेवढी जोखीम घेतली म्हणून त्याचा दोन लाखांचा नफा व्यापाराचा नफा ठरतो. ती जोखीम त्याने एक दिवसही घेतली नसेल, तर त्याने फक्त दहा लाख रुपये दिले आणि बारा लाख घेतले, आणि त्याला कोणतेही अरबी नाव दिले तरी आईने ज्याला नाही म्हटले होते तेच ते राहते. इथे आणखी एक धोका आहे. असा व्यवहार न्यायालयात गेला आणि तो वेषांतर केलेले कर्ज आहे असे दिसले, तर सावकारीचा परवाना होता का, हा प्रश्न उभा राहतो.

हा दोष फक्त नाशिकच्या एखाद्या व्यावसायिकाचा नाही. आखाती देशांत रोख रक्कम हवी असणाऱ्यासाठी बँकेने धातू घ्यायचा, ग्राहकाला उधारीवर विकायचा आणि ग्राहकाच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीने विकून पैसे त्याच्या खात्यात टाकायचे, अशी संघटित तवर्रुकची पद्धत रुळली. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने २००९ साली ती अमान्य ठरवली. रूप व्यापाराचे आणि गाभा कर्जाचा, ही टीका या क्षेत्राच्या आतूनच होते, आणि ती प्रामाणिक आहे.

हप्ता चुकला तर

भारतात बँकांच्या दंडाची पद्धत अलीकडे बदलली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये काढलेल्या आणि २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार बँकेला दंडव्याज लावता येत नाही. वाजवी दंडशुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तरीही थकलेल्या रकमेवर करारातले व्याज चालूच राहते, ९० दिवसांनंतर खाते अनुत्पादक ठरते, आणि तारण वसुलीचा मार्ग बँकेसाठी मोकळा होतो.

मुराबह्यात उशिराबद्दल विक्रेत्याला एक पैसाही कमावता येत नाही. शिस्तीसाठी दंड ठेवला तरी तो धर्मादायाला द्यावा लागतो. कर्जदार खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवलतीची मुदत द्यावी, असे त्याच दुसऱ्या सूरेतील २८० वी आयत सांगते. तत्त्व म्हणून मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बांगड्या गहाण ठेवून हप्ता भरणारी घरे मी पाहिली आहेत, आणि थकबाकी हा ज्याच्या नफ्याचा भाग नाही असा धनको किती वेगळा वागू शकतो, याची कल्पना मला करता येते. पण करारात हे शब्द नसतील तर तत्त्वाचा उपयोग नाही. माझ्यासमोरच्या कागदात ‘विलंब शुल्क दरमहा ३ टक्के’ असे होते आणि ते कोणाकडे जाणार याचा उल्लेख नव्हता. ‘हा करार शरीयतच्या तत्त्वांनुसार आहे’ एवढे पहिल्या पानावर छापून भागत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००४ साली शामिल बँकेच्या खटल्यात, करारात शरीयतचा उल्लेख असूनही, निर्णय इंग्रजी कायद्यानेच केला. आपल्याकडेही १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा माल विक्री कायदा हेच बोलतील. म्हणून जे हवे ते कलम म्हणून लिहून घ्यावे.

खासगी व्यवहाराची आणखी एक बाजू सहसा लक्षात येत नाही. बँकेचे हप्ते वेळेवर भरले की सिबिलमध्ये त्याची नोंद होते आणि पुढच्या वेळी मोठी रक्कम मिळते. नोंदणी नसलेल्या वित्तपुरवठादाराकडे तुम्ही ३६ महिने चोख वागलात तरी त्याचा कागद कुठेच उमटत नाही.

कराचा भार

कराच्या बाबतीत दोन मार्ग सरळसरळ वेगळे आहेत. कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. मुराबह्यात दुसरी विक्री बारा लाखांची असल्याने नफ्याच्या दोन लाखांवरही १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये जीएसटी येतो. नोंदणीकृत कारखान्याला तो क्रेडिट म्हणून परत मिळतो, रोकड मात्र आधी अडकते. नोंदणी नसलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा घरासाठी वस्तू घेणाऱ्या कुटुंबाला तो अंगावरच पडतो. प्राप्तिकरातही फरक आहे. बँकेचे पहिल्या वर्षीचे सुमारे १,०४,००० रुपयांचे व्याज त्याच वर्षी खर्चात जाते. तोच नफा मशीनच्या किमतीत धरला तर दोन लाखांवर १५ टक्के घसाऱ्याचे ३०,००० रुपयेच पहिल्या वर्षी वजा होतात.

घराच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे, कारण आधी वित्तपुरवठादाराच्या आणि मग ग्राहकाच्या नावावर अशी दोनदा खरेदी झाली की मुद्रांक शुल्कही दोनदा भरावे लागते. ब्रिटनने २००३ साली कायदा बदलून ही दुहेरी आकारणी काढली. महाराष्ट्रात घरासाठी मुराबहा सुचवणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

आपल्या बँका हे का देत नाहीत

१९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही आणि नववे कलम स्थावर मालमत्ता दीर्घकाळ बाळगू देत नाही. मुराबहा आणि इजारा (भाडेकरार) यांना नेमकी तीच मुभा लागते. २००८ साली रघुराम राजन समितीने व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले, पुढे रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत गटाने पारंपरिक बँकांत वेगळी खिडकी उघडण्याची शक्यता मांडली, पण २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. त्यामुळे नाशिकमध्ये ‘इस्लामी बँक’ अशी पाटी कोणी लावली तर ती बँक नाही, हे पक्के समजावे. उरतात त्या व्याजमुक्त सहकारी पतसंस्था, खासगी कंपन्या आणि व्यक्ती. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, मग ती व्याज देणारी असो वा न देणारी.

भाड्याने घेण्याचा पर्याय

इजारा म्हणजे मशीन वित्तपुरवठादाराच्या मालकीचे आणि तुम्ही भाडे देणार. शेवटी ते तुम्हांला विकण्याचे किंवा देण्याचे वचन वेगळ्या कागदावर. खऱ्या इजाऱ्यात मोठी दुरुस्ती आणि विमा मालकाकडे असतो, आणि मशीन कायमचे निकामी झाले तर भाडे थांबते. हे कलम असेल तर इजारा चांगला, नसेल तर तो साध्या लीजपेक्षा वेगळा नाही.

भागीदारी : तत्त्वाला सर्वांत जवळ, स्वभावाला सर्वांत अवघड

ज्याला खरोखर नफा-तोट्याची वाटणी हवी आहे त्याने मुशारका आणि मुदारबा पाहावेत. मुशारक्यात दोघांचे भांडवल असते. नफा ठरेल त्या प्रमाणात वाटता येतो, तोटा मात्र भांडवलाच्याच प्रमाणात. मुदारब्यात एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत. तोटा झाला तर पैसेवाल्याचे पैसे जातात आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत, अर्थात त्याने हलगर्जीपणा केलेला नसेल तर. नफ्याची ठरावीक रक्कम आधी लिहून देणे दोन्हींत निषिद्ध आहे.

भारतीय कायद्यात हे सगळे आजच करता येते, कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. फक्त १९३२ च्या भागीदारी कायद्यात पैसेवाल्याची जबाबदारी अमर्याद असते, म्हणून मी २००८ च्या कायद्याखालील एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) सुचवतो, जिच्यात ती दिलेल्या भांडवलापुरती राहते. बँकेशी तुलना करता फायदा उघड आहे : मशीन दोन महिने रिकामे बसले तर हप्त्याचा तगादा नाही. पण त्यासाठी वही उघडी ठेवावी लागते. रोखीचे काम, न लिहिलेले भंगार, घरखर्चाला काढलेली उचल, हे सगळे भागीदाराला दिसले पाहिजे. बँक तुमच्याकडे हप्ता मागते, भागीदार हिशेब मागतो. आपल्याकडच्या अनेक कारखानदारांना हप्ता परवडतो, हिशेब परवडत नाही, हे मी त्यांच्याच वह्या लिहून शिकलो आहे. ज्याची वही स्वच्छ आहे आणि धंदा चढ-उताराचा आहे, त्याने बँकेआधी भागीदाराचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्राक्षबागेचा सौदा आणि सलम

दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांसाठी वेगळे दोन शब्द लिहिणे भाग आहे. सलम करारात खरेदीदार पूर्ण रक्कम आगाऊ देतो आणि शेतकरी ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या जागी, ठरलेल्या प्रतीचा आणि वजनाचा माल देतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, जेव्हा औषधे, खते आणि मजुरी एकदम अंगावर येतात, तेव्हा पूर्ण रक्कम हातात पडणे म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगायला नको. आपल्या रूढ सौद्यात व्यापारी विसार देतो, माल खुडून नेतो आणि उरलेल्या पैशांसाठी शेतकरी त्याच्या मागे फिरतो. कधी व्यापारी गाव सोडून गेलेला असतो. सलम ही जोखीम उलटी करतो.

मात्र सलमात ‘माझ्या याच बागेचा माल’ असे लिहिता येत नाही. प्रत, मण्याचा आकार आणि साखर लिहायची, विशिष्ट बाग लिहायची नाही, कारण एकाच बागेवर गारा पडल्या की करारच अधांतरी होतो, आणि तीच घरर. याचा दुसरा अर्थ असा की अवकाळीने मण्यांना तडे गेले तरी शेतकऱ्याची सुटका होत नाही. त्याने तसा माल बाजारातून घेऊन द्यावा, किंवा खरेदीदार थांबेल, नाहीतर मूळ रक्कम जशीच्या तशी परत करावी. परत करताना वर काही द्यायचे नाही, हा त्यातला दिलासा.

याच्या शेजारी पीककर्ज ठेवून पाहा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. रुपयांच्या हिशेबात याला तोड नाही. करारात व्याजाची अट असतेच आणि मुदत चुकली की ते लागू होते, म्हणून कटाक्ष पाळणाऱ्याने आलिमांचा सल्ला घ्यावा. पण ज्याला फक्त खर्चाची चिंता आहे त्याने पहिले तीन लाख इथूनच उचलावेत.

मालेगावच्या यंत्रमागवाल्याचा प्रश्न सोपा आहे. सुताचा रोख भाव कमी आणि उधारीचा भाव जास्त, हे बहुसंख्य फकिहांनी (इस्लामी कायदेपंडितांनी) मान्य केले आहे. अट एवढीच की सौद्यातून उठण्यापूर्वी दोहोंपैकी एक भाव पक्का व्हावा आणि पैसे लांबले म्हणून तो पुढे वाढू नये.

बचत कुठे ठेवावी

मशीन घेण्याऐवजी पैसे साठवायचे असतील तर मुदत ठेव ही व्याजाचीच असते, तेव्हा तुलना शेअरनिगडित फंडांशी होते. टाटा एथिकल, टॉरस एथिकल आणि निफ्टी ५० शरीया निर्देशांकाचा ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) हे सेबीच्या देखरेखीखालचे मार्ग आहेत. कंपनी कशी निवडावी याबद्दल बहरीनस्थित आओइफी या मानक संस्थेचे मापदंड असे : व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत, व्याजी ठेवी ३० टक्क्यांच्या आत, निषिद्ध उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत, आणि तेवढा लाभांशाचा भाग दान करावा. फंडांच्या चाळण्या तपशिलात वेगळ्या असतात. बँकांचे शेअर पूर्ण वगळले जात असल्याने, आणि निफ्टीत वित्तक्षेत्राचा वाटा सुमारे एक तृतीयांश असल्याने, बँका धावल्या त्या वर्षी हे फंड मागे पडतात आणि बँका गडगडल्या त्या वर्षी सावरतात. मुदत ठेवीसारखी मुद्दलाची शाश्वती इथे नाही. पाच-सात वर्षांच्या आत लागणारे पैसे यात घालू नयेत.

चिठ्ठी काढून चालणारी भिशी, जिच्यात प्रत्येकाला भरले तेवढेच मिळते, ती हातउसन्याचीच साखळी आहे. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस कमी रक्कम घेऊन आधी उचलतो आणि ती कसर इतरांत वाटली जाते. ते व्याजच आहे, हे ओळखावे.

आणि ‘हलाल गुंतवणूक, लाखाला दरमहा तीन हजार नक्की’ असे कोणी सांगत आले तर त्याच पावली परत पाठवावे. बेंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायजरी या कंपनीत हजारो कुटुंबांचे पैसे २०१९ साली अडकले, ते अशाच धार्मिक विश्वासाच्या जोरावर गोळा झालेले होते. ठरावीक परतावा मुदारब्याच्या नियमानेच बाद होतो, आणि नोंदणी न करता ठेवी गोळा करणे २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने गुन्हा आहे. धर्म आणि कायदा दोघेही इथे एकच उत्तर देतात.

सातपूरच्या त्या मुलाने शेवटी दोन्ही कागद बाजूला ठेवले. वित्तपुरवठादार इन्व्हॉइस स्वतःच्या नावाने घ्यायला आणि विलंब शुल्काचे कलम बदलायला तयार झाला नाही. मग आम्ही मशीनच्या पुरवठादारालाच विचारले. रोखीत दहा लाखांचे मशीन त्याने १०,३०,००० रुपये या एकाच पक्क्या किमतीला द्यायचे कबूल केले, निम्मे आधी आणि उरलेले बारा हप्त्यांत, दरमहा ४२,९१७ रुपये. घटत्या शिलकीने हे वर्षाला सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणजे बँकेहून थोडे कमीच. माल त्याचा स्वतःचा होता आणि मशीन शेडमध्ये उभे राहीपर्यंत जबाबदारीही त्याचीच होती. आधी भरायच्या ५,१५,००० रुपयांपैकी तीन लाख पंधरा हजार घरच्या बचतीचे होते. दोन लाख मामूंनी हातउसने दिले, तेही खात्यातून, कारण वीस हजार किंवा त्याहून जास्त उसनवार रोखीत घेता येत नाही. घरातल्या घरात कागद कशाला, असे वडील म्हणाले, तेव्हा मामूंनीच त्यांना थांबवले. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे सांगणारी आयत कुराणातली सर्वांत लांब आयत आहे, असे ते म्हणाले. त्यांनी माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने, दोन साक्षीदारांसमोर ओळी लिहिल्या : मुद्दल दोन लाख रुपये, फेड पुढच्या दिवाळीपासून दरमहा दहा हजार, जादा काही घेणे नाही.